शेवटच्या बांधीपर्यंत पाणी : पायाचे रक्ताभिसरण आणि रक्त गाळण्याचा उपचार



"पाय दुखतात" हे वाक्य आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे इतकं रोजचं आहे की ते कुणी मनावर घेत नाही. रोवणीत दिवसभर चिखलात वाकायचं, तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेपासून जंगल तुडवायचं, मग पाय दुखणारच, असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण पायाच्या दुखण्याचा एक प्रकार असा आहे की तो वेळेत ओळखला नाही तर बोट, पाऊल, कधी गुडघ्यापर्यंतचा पाय कापावा लागतो. हा प्रकार म्हणजे पायाच्या धमन्या अरुंद होऊन रक्त कमी पोहोचणे.

या आजाराच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर काही देशांत एक वेगळा उपचार वापरतात. रुग्णाचं रक्त शरीराबाहेर काढतात, त्यातले नको असलेले घटक वेगळे करतात आणि रक्त परत शरीरात सोडतात. हा उपचार कसा चालतो ते आज पाहू. मुलांना रक्ताभिसरण शिकवताना याचा चांगला उपयोग होतो. आणि तो समजून घेताना एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते : पाय वाचवण्याची खरी वेळ त्या यंत्राच्या कितीतरी वर्षं आधी येते, आणि तेव्हा तो पाय आपल्याच घरात, आपल्या डोळ्यांसमोर असतो.

१. तलाव, नहर आणि बांधी

आपल्याकडे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, गावोगावी आहेत. तलावाचं पाणी नहरीने येतं आणि एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरतं. नहरीत गाळ साचला की सगळ्यांत आधी कोणती बांधी सुकते? हा प्रश्न वर्गात विचारा. शेतकऱ्याचं पोर लगेच सांगेल, "शेवटची!"

शरीरातही तसंच आहे. हृदय हा आपला तलाव, पण पाणी जोराने ढकलणारा. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि शांत बसलेलं असताना हृदय मिनिटाला जवळपास तेवढंच रक्त पुढे ढकलतं. हृदयातून निघणारी महाधमनी पोटात खाली येते, बेंबीच्या आसपास तिचे दोन फाटे होतात. एक उजव्या पायाला, एक डाव्या पायाला. मांडीतून, गुडघ्याच्या मागून, पोटरीतून ती धमनी बारीक होत होत पावलापर्यंत जाते. पायाची बोटं ही रक्ताची शेवटची बांधी. म्हणून रक्त कमी पडलं की तक्रार बरेचदा तिथूनच सुरू होते.

रक्त शरीरात गोल फिरतं हे इंग्लंडच्या विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये पुस्तक लिहून मांडलं. धमनी आणि शीर यांना जोडणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्या मात्र त्यांना दिसल्या नव्हत्या. त्या १६६१ मध्ये इटलीच्या मार्सेलो माल्पिगी यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. या केशवाहिन्या लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

आणखी एक हिशेब. नळीची रुंदी निम्मी झाली तर त्यातून वाहणारा द्रव निम्मा होईल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात, दाब तेवढाच असेल तर, तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या पॉइझय नावाच्या वैद्याने बारीक काचेच्या नळ्यांवर प्रयोग करून हा नियम शोधला. रक्त जितकं घट्ट, तितका प्रवाह कमी, हेही याच नियमात येतं. म्हणजे पायाला रक्त कमी पडण्याची दोन कारणं झाली : अरुंद वाट आणि घट्ट रक्त. रक्त गाळण्याचा उपचार मुख्यतः दुसऱ्या कारणावर आणि केशवाहिन्यांवर काम करतो.

२. गाळ कुठून येतो?

धमनीच्या आतल्या अस्तराला इजा होते, तिथे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल नावाचे कण शिरतात, सूज येते, थर वाढतो आणि वाट अरुंद होते. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि वाढतं वय ही याची मुख्य कारणं. यातलं वय सोडलं तर बाकी सगळ्यांवर काही ना काही करता येतं.

तंबाखूबद्दल इथे थोडं थांबायला हवं. पायाच्या धमन्यांना सगळ्यांत जास्त नुकसान बिडी-सिगारेटच्या धुराने होतं. आणि एक आजार तर जवळजवळ पूर्णपणे तंबाखूशीच बांधलेला आहे. त्याचं नाव बर्गरचा आजार. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. यात पन्नाशीच्या आतल्या, अगदी तिशी-चाळिशीतल्या माणसाच्या हातापायांच्या लहान धमन्या सुजतात, त्यात गुठळ्या होतात आणि बोटं काळी पडतात. भारतात बिडी ओढणाऱ्या कष्टकऱ्यांमध्ये हा आजार दिसतो. तंबाखू पूर्ण सोडली तर तो बहुधा थांबतो. थोडी थोडी चालू ठेवली तर थांबत नाही. "दिवसाला दोनच ओढतो" हे इथे चालत नाही.

उन्हाळ्यात आपण जो तेंदूपत्ता तोडतो, वाळवतो, पुडे बांधून विकतो, त्याचीच बिडी होते. त्या हंगामाच्या पैशावर कितीतरी घरांचं वर्षाचं गणित बसतं, म्हणून पत्ता तोडणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण तोच पत्ता धूर होऊन पायापर्यंत काय पोहोचवतो, हे तोडणाऱ्याच्या घरात माहीत असायला हवं.

आणि खर्रा? सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा आपल्याकडे पाहुणचारासारखा पुढे केला जातो. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांमध्ये तंबाखूचा वापर दिसला. त्यात धूर न काढणारी, म्हणजे खाण्याची किंवा लावण्याची तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. खर्ऱ्यातलं निकोटीन रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकुंचित करतं, रक्तदाब वाढवतं. तोंडाचा कर्करोग तर वेगळाच. ज्याच्या पायाची वाट आधीच अरुंद झाली आहे, त्याने "बिडी सोडली, आता फक्त खर्रा खातो" असं म्हणून समाधान मानू नये. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने सुरू असलेलं 'मुक्तिपथ' अभियान दारू आणि तंबाखू या दोन्हींविरुद्ध गावागावांत काम करतं. त्याची माहिती पालकसभेत जरूर द्या.

३. हा पाय ओळखायचा कसा?

पायाच्या सगळ्या तक्रारी एकसारख्या नसतात. आपल्या भागात हत्तीरोग आहे. त्यात रस वाहून नेणाऱ्या वाहिन्या बंद होतात आणि पाय सुजतो. कुष्ठरोगात आणि जुन्या मधुमेहात पाय बधिर होतो, काटा रुतला तरी कळत नाही. सिकलसेलच्या काही रुग्णांना घोट्याजवळ जखम होते आणि ती लवकर भरत नाही. धमनी अरुंद झालेला पाय मात्र असा असतो :

• ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा आल्यासारखं दुखतं, थांबलं की काही मिनिटांत थांबतं, पुन्हा चाललं की तेवढ्याच अंतरावर पुन्हा दुखतं. ही पहिली पायरी.
• पाऊल गार लागतं, पायावरचे केस गळतात, कातडी चकचकीत आणि पातळ होते.
• पाय वर उचलला की पांढरट पडतो, खाली सोडला की काळपट लाल होतो.
• रात्री झोपल्यावर पाऊल ठणकतं आणि पाय खाटेखाली लोंबता ठेवला की बरं वाटतं. ही फार महत्त्वाची खूण आहे. पाय खाली असला की वजनामुळे थोडं रक्त उतरतं, म्हणून ठणका कमी होतो.
• बोटावरची, टाचेवरची जखम दोन आठवडे झाले तरी भरत नाही, किंवा बोट काळं पडू लागतं.

शेवटच्या दोन खुणा दिसल्या तर तो पाय गंभीर धोक्यात आहे. रक्तपुरवठा पुन्हा सुरू करण्याचा उपचार न मिळाल्यास अशा रुग्णांपैकी साधारण पाचातल्या एकाचा पाय वर्षभरात कापावा लागतो. मधुमेह असलेल्यांना बधिरपणामुळे दुखत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत दुखण्याची वाट पाहू नका, पाय डोळ्यांनीच रोज पाहा.

तपासणी सोपी असते. डॉक्टर घोट्याजवळचा रक्तदाब मोजतात आणि त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. उत्तर १ च्या आसपास आलं तर ठीक. ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर धमनी अरुंद आहे. ०.४ च्या खाली गेलं तर अडथळा फार मोठा आहे. भागाकाराचं इतकं कामाचं उदाहरण दुसरं शोधून सापडणार नाही! (मधुमेह्यांच्या धमन्या कडक झाल्यामुळे हे उत्तर कधी कधी खोटं जास्त येतं, तेव्हा डॉक्टर पायाच्या अंगठ्याचा दाब पाहतात.)

४. रक्त गाळतात म्हणजे नेमकं काय करतात?

आधी नेहमीचे उपचार पाहू. तंबाखू बंद, साखर आणि रक्तदाब ताब्यात, कोलेस्टेरॉलच्या आणि रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळ्या, आणि चालण्याचा व्यायाम. अडथळा मोठा असेल तर फुगा घालून धमनी रुंद करतात, म्हणजे अँजिओप्लास्टी. किंवा दुसरी शीर जोडून वळणवाट काढतात, म्हणजे बायपास. काही रुग्णांत मात्र पावलाजवळच्या धमन्या इतक्या बारीक आणि जागोजागी बंद असतात की फुगा जात नाही आणि वळणवाट जोडायला जागाच उरत नाही. कधी हे दोन्ही करूनही जखम भरत नाही. अशांसाठी रक्त गाळण्याचा पर्याय पुढे आला. त्याला अफेरेसिस म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेतला आहे, त्याचा अर्थ 'काढून घेणे'.

पायांच्या आजारासाठी हा उपचार प्रामुख्याने जपानमध्ये रुजला. त्याच्या पायऱ्या अशा :

पहिली पायरी : सुईने रक्त बाहेर काढून नळीतून यंत्रात नेतात. बाहेर आल्यावर ते गोठू नये म्हणून औषध मिसळतात.

दुसरी पायरी : एका गाळणीतून रक्तपेशी एका बाजूला आणि पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, दुसऱ्या बाजूला करतात.

तिसरी पायरी : प्लाझ्मा एका नळकांड्यातून जातो. त्यात डेक्स्ट्रान सल्फेट लावलेले बारीक मणी भरलेले असतात. मण्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि एलडीएल कणांवरच्या प्रथिनाचा काही भाग धन असतो. त्यामुळे ते कण मण्यांना चिकटून राहतात. लोहचुंबक वाळूतला फक्त लोखंडाचा कीस ओढून घेतं, तसंच हे.

चौथी पायरी : स्वच्छ झालेला प्लाझ्मा आणि रक्तपेशी पुन्हा एकत्र करून शरीरात सोडतात.

एका बैठकीला काही तास लागतात. बैठका आठवड्याला एक-दोन अशा बऱ्याच आठवडे चालतात. एका बैठकीत एलडीएल निम्म्याहून कितीतरी जास्त उतरतं, पण यकृत ते पुन्हा तयार करतं, म्हणून एकदा करून भागत नाही. अलीकडे जपानमध्ये प्लाझ्मा वेगळा न करता सगळं रक्तच मण्यांच्या नळकांड्यातून नेणारी पद्धतही आली आहे. तिच्यात एलडीएलबरोबर फायब्रिनोजेनही काढून घेतात. फायब्रिनोजेन हे गोठण्याच्या कामाचं प्रथिन, पण ते जास्त झालं की रक्त घट्ट होतं.

आता महत्त्वाचा प्रश्न : याने धमनीतला गाळ निघतो का? नाही. वर्षानुवर्षं साचलेला थर तिथेच राहतो. रक्त पातळ होतं, वाहिन्या थोड्या सैलावतात आणि केशवाहिन्यांतून ते सहज सरकतं. त्यामुळे ठणका कमी व्हायला आणि जखम भरायला मदत होऊ शकते. नहरीतला गाळ तसाच आहे, पण चिखलाऐवजी पाणी सोडलं, म्हणून शेवटच्या बांधीत थोडा ओलावा पोहोचला, असं समजा. सर्वांना सारखा गुण येत नाही. या उपचारावरचे अभ्यास बहुतांशी थोड्या रुग्णांवर झालेले आहेत, म्हणून जगभर तो नेहमीचा उपचार बनलेला नाही. धोकेही आहेत. रक्तदाब एकदम उतरू शकतो, रक्तस्राव होऊ शकतो, आणि रक्तदाबाच्या 'एसीई इनहिबिटर' गटातल्या गोळ्या चालू असताना डेक्स्ट्रान सल्फेटची पद्धत वापरली तर गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते.

५. दोन गैरसमज

पहिला : "हे तर डायलिसिसच." नाही. दोन्हींत रक्त बाहेर काढून परत देतात, एवढंच साम्य. डायलिसिस मूत्रपिंडाचं काम करतं, युरियासारखे लहान कण आणि जास्तीचं पाणी काढतं. एलडीएलसारखे मोठे कण डायलिसिसने निघत नाहीत.

दुसरा : "रक्त साफ करायचं औषध बाजारात मिळतं की!" रक्तशुद्धीच्या नावाने बाटल्या आणि पुड्या विकल्या जातात. कोणत्याही काढ्याने बंद धमनी उघडत नाही. अशा पुड्यांवर जे दोन-तीन महिने जातात, त्याच काळात बोट काळं पडतं. पैशापेक्षा हा वेळ महाग आहे. भामरागड-सिरोंचाहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या पुढे आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. आपल्याकडच्या माणसाला निघायला उशीर परवडत नाही.

६. वर्गात घ्यायचे उपक्रम

उपक्रम १ – नाडी शोधा. मुलांना आधी मनगटाची नाडी मोजायला लावा. मग पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या रेषेत वर सरकत दोन बोटं हलकेच ठेवायला सांगा. घोट्याच्या आतल्या हाडामागेही नाडी लागते. काहींना पावलावरची नाडी सापडत नाही. निरोगी माणसातही कधी कधी ती जाणवत नाही, म्हणून घाबरवू नका.

उपक्रम २ – दोन नळ्या. दोन सारख्या बाटल्यांना तळाजवळ एक रुंद आणि एक अरुंद नळी बसवा. सारखं पाणी भरून रिकामी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. बरोबर सोळा पट उत्तर येणार नाही, पण फरक बघून मुलं थक्क होतात. नंतर एकात साखरेचा घट्ट पाक घालून पाहा.

उपक्रम ३ – गाळणी आणि चुंबक. वाळू, लोखंडाचा कीस आणि खडे एकत्र करा. खडे चाळणीने निघतात, कीस चुंबकाने. आकारावरून वेगळं करणं आणि ओढून वेगळं करणं, या दोन पद्धती मुलांच्या हाताला कळतात. अफेरेसिसच्या यंत्रात या दोन्ही आहेत.

एक सूचना. "कुणाचे बाबा खर्रा खातात, हात वर करा" असं वर्गात कधीही विचारू नका. मूल शरमेने गप्प बसतं आणि पुढचा पाठ ऐकतच नाही. त्याच्या हाती माहिती द्या, घरी काय बोलायचं ते त्याचं तो ठरवेल.

७. पालकांसाठी

• घरातल्या मोठ्या माणसांचे पाय आठवड्यातून एकदा उजेडात पाहा. मधुमेह असेल तर रोज. बोटांच्या मधली जागा विसरू नका.
• गार पाय शेकोटीजवळ किंवा गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका. बधिर पाय भाजलेला कळत नाही. कुरूप ब्लेडने कापू नका.
• चालताना पोटरी दुखते म्हणून चालणं सोडू नका. डॉक्टरांना विचारून, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीन वेळा, तीन महिने केलं की चालण्याचं अंतर वाढतं. जखम असेल किंवा रात्री ठणका असेल तर मात्र आधी दवाखाना.
• न भरणारी जखम दिसली तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढची चिठ्ठी घ्या. रुग्णालयात गेल्यावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.
• पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडून असह्य दुखू लागला तर तासांचा प्रश्न असतो. लगेच १०८ ला फोन करा.
• मुलाला खर्रा आणायला पानठेल्यावर पाठवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणं, दोन्ही २००३ च्या कायद्याने बंद आहेत.

सरावासाठी प्रश्न

१. नहरीत गाळ साचला तर शेवटची बांधी आधी का सुकते? पायाच्या बोटांशी याची तुलना करा.
२. घोट्याजवळचा रक्तदाब ७२ आणि दंडाचा १२० असेल तर भागाकार किती येईल? त्याचा अर्थ काय?
३. रक्त गाळल्याने धमनीतला थर जातो का? मग रुग्णाला फायदा कसा होतो?
४. आजोबा रात्री पाय खाटेखाली सोडून झोपतात. तुम्ही घरी काय सांगाल?

चौथ्या प्रश्नाला गुण देऊ नका. त्याचं उत्तर मुलांनी घरी तोंडी द्यायचं आहे.